सालीचे फळ

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातात एक फळ आहे. गदा, ढाल आणि पानपात्र यांच्या पंगतीत बसलेले हे फळ म्हणजे महाळुंग, संस्कृतातले मातुलुंग. शिवाचा अवतार मानल्या जाणाऱ्या लकुलीशाच्या मूर्तींत एका हातात दंड असतो आणि दुसऱ्या हातात हेच फळ. बौद्धांचा धनाचा यक्ष जंभल एका हातात मुंगूस आणि दुसऱ्या हातात महाळुंग घेऊन बसलेला दिसतो. देवांच्या हातात इतक्या सहजपणे सापडणारे हे फळ माणसांच्या ताटात मात्र शोधावे लागते. लिंबू रोज लागते, मोसंबी आजाऱ्याला लागते, संत्रे हंगामात पोतीच्या पोती येते. महाळुंग कुणाच्या परसात असले तर असते. कारण उघड आहे. ओबडधोबड, पिवळे, नारळाएवढेही वाढू शकणारे हे फळ मधोमध कापले की आत आधी पांढरी साल लागते, ती चांगली दोन बोटे जाड. मग कुठे मध्यभागी थोडा कोरडा, आंबट गर आणि त्यात गच्च बिया. पिळायला जावे तर चमचाभर रस. रसाच्या हिशेबाने हे फळ सरळ नापास होते. पण हा हिशेब आपण कुठून उचलला? लिंबाच्या कुळातल्या फळाची किंमत रसावरून करायची हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की सालीला आपण आवरण समजतो आणि आवरण म्हणून टाकून देतो. माझे म्हणणे असे की या कुळाचे खरे धन सालीत आहे. महाळुंगात ते उघडे पडते एवढेच, कारण त्यात सालीशिवाय फारसे काही नाहीच.

रसाला हा मान मिळाला तो जहाजांवर. १७४७ साली ब्रिटिश आरमाराचा डॉक्टर जेम्स लिंड याने ‘सॅलिसबरी’ या जहाजावर स्कर्व्ही झालेले बारा खलाशी निवडले, त्यांच्या जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लेमन खाणारी जोडी झपाट्याने सुधारली. तरी आरमारात लेमनचा रस सरसकट वाटायला १७९५ साल उजाडले. मधल्या काळात खुद्द लिंडने एक चूक करून ठेवली होती. रस टिकावा म्हणून तो आटवून घट्ट करायची पद्धत त्याने सुचवली आणि आटवताना त्यातले जे कामाचे होते तेच बरेचसे नष्ट झाले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आरमाराने भूमध्य प्रदेशातले लेमन सोडून वेस्ट इंडीजमधल्या लहान लिंबांचा रस घेतला. तो मुळातच कमी ताकदीचा, त्यात साठवणुकीतले नुकसान. १८७५ च्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत स्कर्व्ही पुन्हा उपटला आणि कित्येकांचा लिंबावरचा विश्वासच उडाला. क जीवनसत्त्वाची ओळख पटली ती १९३० च्या दशकात. गंमत म्हणजे त्यासाठी १९३७ चे नोबेल मिळवणाऱ्या सेंट-ड्यॉर्डी यांनी हे द्रव्य भरपूर प्रमाणात काढले ते हंगेरीतल्या लाल मिरचीतून. लिंबाचे नाव या जीवनसत्त्वाशी कायमचे जोडले गेले ते इतिहासाच्या योगायोगाने. हे द्रव्य सर्वांत जास्त लिंबातच असते असे मुळीच नाही. शंभर ग्रॅम लेमनच्या रसात क जीवनसत्त्व साधारण ३९ मिलिग्रॅम असते. तेवढ्याच पेरूत ते सव्वादोनशेच्या घरात जाते आणि आवळा तर त्याच्याही पुढे. क जीवनसत्त्व हवे म्हणून कुणी सल्ला मागितला तर त्याला पेरूच्या गाडीकडे पाठवणे प्रामाणिकपणाचे होईल.

इथे सालीची बाजू घेणाऱ्याला एक सोपा मोह होतो. पोषणमूल्यांचे तक्ते उघडले तर लेमनच्या शंभर ग्रॅम सालीत क जीवनसत्त्व १२९ मिलिग्रॅम, कॅल्शियम १३४ मिलिग्रॅम आणि तंतू दहा ग्रॅमहून अधिक आढळतात. सोललेल्या गरात हेच आकडे अनुक्रमे ५३, २६ आणि तीनच्या आत. साल गरापेक्षा दुपटीने, तिपटीने, पाचपटीने पौष्टिक, असा निष्कर्ष काढून मोकळे होता येते आणि समाजमाध्यमांवर तो रोज काढलाही जातो. पण तो टिकत नाही. शंभर ग्रॅम साल खातो कोण? एका लिंबाची वरची पिवळी साल किसली तर जेमतेम दोन-तीन ग्रॅम कीस पडतो. त्यातून तीन-चार मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळेल. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम लागते, म्हणजे त्याचा विसावा भागही जेमतेम. शिवाय लोणच्यात साल महिनोन् महिने मुरते, मुरंब्यात पाकात शिजते, तेव्हा त्यातले किती उरत असेल याचा विचार लिंडच्या आटवलेल्या रसाची गोष्ट आठवून करावा. सालीची वकिली जीवनसत्त्वाच्या आकड्यांवर उभी करणे म्हणजे रसाचाच हिशेब सालीला लावणे. त्या हिशेबात ती हरते, आणि हरली तरी बिघडत नाही.

साल जिंकते ती वासावर. लिंबाच्या कुळातल्या कुठल्याही फळाची साल उजेडात धरून पाहिली तर तिच्यावर बारीक ठिपके दिसतात. ते तेलाचे कोश. साल दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दाबली की तडतड ठिणग्या उडतात, कारण उडणारे थेंब पाण्याचे नसून तेलाचे असतात. त्याच थेंबांनी फुगवलेला फुगा फुटतो, कारण हे तेल रबर विरघळवते. तेलात सर्वांत मोठा वाटा लिमोनिन या द्रव्याचा. पण ज्याला आपण लिंबाचा म्हणून ओळखतो तो वास मुख्यतः सिट्रल नावाच्या द्रव्याचा असतो, तोच गवती चहातही असतो. रसात आंबटपणा असतो, थोडी साखर असते, पाणी असते. वास फार थोडा. हाताने लिंबू पिळताना साल दाबली जाते, कोश फुटतात आणि त्यातले थोडे तेल सरबतात पडते, म्हणून घरचे सरबत घमघमते. नुसत्या सायट्रिक आम्लाच्या खड्यांचे सरबत जिभेला तितकेच आंबट लागते, पण त्याला कुणी लिंबाचे म्हणणार नाही. कारखान्यांना हे पक्के ठाऊक आहे. रस आटवताना वास उडून जातो आणि बाटलीत भरताना सालीचे तेल त्यात परत घालावे लागते. अर्ल ग्रे चहाला जो वास असतो तो बर्गमॉट नावाच्या फळाच्या सालीचा. त्या फळाचा रस कुणी विचारत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: वासाने पोट भरते का? पोषण म्हणजे प्रथिने, क्षार, जीवनसत्त्वे. वास ही चैन. आक्षेप वरवर बिनतोड आहे, पण त्यात एक पायरी गाळलेली असते. पोषण व्हायला आधी घास तोंडात जावा लागतो आणि तो जाईल की नाही हे बरेचसे नाक ठरवते. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. आपण ज्याला पदार्थाची चव म्हणतो तिचा मोठा भाग चावताना घशामागून नाकात जाणाऱ्या वासाचा असतो. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे वास गेलेल्या असंख्य लोकांनी याचा प्रत्यय घेतला. ताट तेच होते, मीठमसाला तोच होता, आणि जेवण मात्र मातीमोल झाले होते. वय वाढते तशी घ्राणशक्ती मंदावते आणि तिच्याबरोबर खाण्यातला रसही. तापातून उठलेल्या माणसाच्या पेजेशेजारी लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवायची रीत जीवनसत्त्वांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीची आहे. आयुर्वेदाने यासाठी ‘अरुची’ असा स्वतंत्र शब्दच ठेवला आणि चरकसंहितेत मातुलुंगाचा उपयोग ज्या तक्रारींवर सांगितला आहे त्यांत अरुची आहे. आजच्या आहारशास्त्राच्या तक्त्यात अरुचीला रकाना नाही. रकाना नाही म्हणून गोष्टच नाही असे होत नाही.

चरकाचे नाव घेतले की दुसरा, अधिक अडचणीचा आक्षेप पुढे येतो. तोच ग्रंथ महाळुंगाचे केशर, म्हणजे आतला आंबट गर, पचायला हलका म्हणतो आणि फळाचा उरलेला भाग जड ठरवतो. सुश्रुतही सालीला कडू आणि पचायला कठीण म्हणतो. मग सालीची तरफदारी करताना या आचार्यांना साक्षीला बोलावणे कितपत योग्य? माझ्या मते त्यांचे निरीक्षण बरोबरच आहे आणि आजच्या भाषेत त्याचे कारणही सांगता येते. पांढऱ्या सालीत पेक्टिन हा तंतुमय पदार्थ ठासून भरलेला असतो. जॅम आणि जेली घट्ट करण्यासाठी जगभर वापरले जाणारे पेक्टिन मोठ्या प्रमाणात लिंबूवर्गीय फळांच्या सालींपासूनच काढतात. आपल्या पाचकरसांना ते पचत नाही. ते मोठ्या आतड्यापर्यंत तसेच जाते आणि तिथले जीवाणू त्याच्यावर जगतात. जड म्हणजे हेच. पेक्टिनने कोलेस्टेरॉल आटोक्यात राहायला मदत होते हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मान्य केला आहे, पण त्यासाठी दिवसाला निदान सहा ग्रॅम पेक्टिन पोटात जावे लागते. लोणच्याच्या एका फोडीतून ते मिळणार नाही. तेव्हा साल औषध म्हणून खा, असे इथे म्हणायचे नाही. ती थोडी खायची आहे, आणि थोडी खाल्लेली जड गोष्ट पोटाला जड पडत नाही.

महाळुंगाच्या बाबतीत तर माणसाने वासाची किंमत खाण्याच्या कितीतरी आधी ओळखली. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस ग्रीक पंडित थिओफ्रास्टस याने ‘मीडियाचे किंवा पर्शियाचे सफरचंद’ म्हणून या फळाचे वर्णन लिहून ठेवले. फळ खात नाहीत, पण त्याला फार सुवास असतो. कपड्यांत ठेवले तर कसर लागत नाही. तोंडाची दुर्गंधी जाते, असे तो सांगतो. ‘सिट्रस मेडिका’ या शास्त्रीय नावातले ‘मेडिका’ याच मीडिया देशावरून आले, त्याचा औषधाशी संबंध नाही. त्यानंतर पाचेकशे वर्षांनी अथेनियस हा लेखक आपल्या वाचकांना बजावतो, की थिओफ्रास्टसचे म्हणणे वाचून चकित होऊ नका, आपल्या आज्यांच्या पिढीपर्यंत हे फळ कुणी खात नव्हते, कपड्यांच्या पेटीत जपून ठेवत. जेरुसलेमजवळच्या रामत राहेल येथे इराणी अमलाच्या काळातल्या राजबागेत भिंतीच्या गिलाव्यात महाळुंगाचे परागकण सापडले आहेत. म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठी पोचलेले लिंबाच्या कुळातले हे पहिले फळ. लेमन आणि संत्री फार मागाहून आली. जाड सालीमुळे ते लवकर सुकत नाही आणि प्रवासाला टिकते, हे याचे एक कारण असावे. ज्यू लोक सुक्कोथच्या सणाला हातात धरतात ते ‘एत्रोग’ म्हणजे महाळुंगच, आणि ते निवडताना सारी परीक्षा सालीची असते: डाग नको, ओरखडा नको, टोकाचा देठ मोडलेला नको. चीनमधला ‘बुद्धहस्त’ हा महाळुंगाचाच प्रकार. त्याच्या फोडी बोटांसारख्या सुट्या वाढतात, त्यात गर नसतोच, आणि देवापुढे किंवा खोलीत तो वासासाठी ठेवतात.

इथे मूर्तिशास्त्राचा अभ्यासक थांबवून विचारेल, की संस्कृतात या फळाला ‘बीजपूरक’ म्हणतात, बियांनी भरलेले. देवतांच्या हाती ते सुफलतेचे चिन्ह म्हणून आले, त्यात सालीचा काय संबंध? हरकत रास्त आहे. नाव बियांवरूनच पडले आहे आणि अर्थही तोच असावा. पण बियांनी भरलेली फळे डाळिंबापासून भोपळ्यापर्यंत पुष्कळ आहेत. त्यांत हेच इतक्या हातांत गेले ते दिवसच्या दिवस टिकणाऱ्या सुगंधामुळे, असा माझा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा. बीजाचा मुद्दा मात्र वेगळ्याच अर्थाने खरा ठरला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने या कुळाचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम ते युन्नानच्या पट्ट्यात नेऊन ठेवले आणि पपनस, मँडरिन व महाळुंग यांना मूळ जातींत गणले. लेमन हे आंबट संत्रे आणि महाळुंग यांचे अपत्य. आपले कागदी लिंबू म्हणजे मायक्रँथा नावाचे आग्नेय आशियातले एक रानलिंबू आणि महाळुंग यांचे. दोन्हीकडे महाळुंग बापाच्या जागी आहे. आरमाराने वेस्ट इंडीजमध्ये रसासाठी पिळले ते आणि आपण रोज पोह्यांवर पिळतो ते, दोन्ही या रस नसलेल्या फळाचीच पोरे.

स्वयंपाकघरात सालीपुढे एकच खरा अडसर असतो, तो कडूपणाचा. त्यावर वेगवेगळ्या प्रदेशांनी जी उत्तरे काढली ती पाहिली की साल हा टाकाऊ भाग आहे ही समजूत किती अलीकडची आहे ते ध्यानात येते. इटलीच्या कालाब्रियात आणि फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर महाळुंगाच्या अर्धुकांना आधी खारवणात कित्येक आठवडे मुरवतात. त्यात साल मऊ पडते, कडूपणा पाण्यात उतरतो. मग मीठ धुऊन काढून ती पाकात घालतात आणि पाक एकदम दाट न करता पायरीपायरीने वाढवतात. घाई केली तर सालीतले पाणी चटकन बाहेर ओढले जाऊन तिची चिवट कातडी होते. आपल्या मुरंब्यातही फोडी आधी उकडून पाणी टाकून देतात आणि मगच पाकात सोडतात, तर्क तोच. लोणच्यात हे काम मीठ, फळाचा स्वतःचा आंबटपणा आणि ऊन मिळून करतात. ‘मुरणे’ या एका शब्दात आपण ही सारी प्रक्रिया बसवली आहे: मीठ आत जाते, पाणी बाहेर येते, पेक्टिनचे ताठ जाळे सैल होते आणि महिन्याभराने जी फोड दाताखाली सहज तुटते ती पहिल्या दिवशी चावत नव्हती. गुजरातेत याच फळाचे, बिजोऱ्याचे, लोणचे घालतात. तमिळनाडूत महाळुंगाचे जवळचे नातलग असलेले नारत्तंगाय घेऊन त्याला न तोडता गोल गोल चीर देतात, चिरांत मीठ भरतात आणि ते उन्हात वाळवतात. दहीभाताबरोबर त्याचा एक तुकडा पुरतो. सिसिलीत तर यातले काहीच न करता महाळुंगाचे पातळ काप मीठ लावून कच्चेच खातात, कारण त्याची पांढरी साल लेमनच्या सालीसारखी कडू नसते. किंचित गोडसर असते. या बाबतीत बाप पोरांपेक्षा गुणी आहे.

मीठ आणि साखर आली की डॉक्टरांचा आक्षेप आलाच, आणि त्याला वळसा घालता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि वाटीभर लोणचे खाणाऱ्याने पौष्टिक सालीचे कारण पुढे करू नये. मुरंब्यातली फोड ही तोलून पाहिली तर बरीचशी साखरच असते. पण ताज्या सालीच्या किसाला ना मीठ लागते ना साखर. त्याहून गंभीर आक्षेप फवारणीचा आहे. परदेशी लेमन आणि संत्री टिकावीत म्हणून त्यांच्यावर मेण आणि बुरशीनाशक चढवलेले असते; युरोपात तसे लेबलवर लिहावे लागते. अशी साल धुऊनही खाऊ नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे. परसातल्या किंवा ओळखीच्या बागेतल्या फळाची साल कोमट पाण्यात चोळून धुऊन खुशाल वापरावी. आणि या कुळातल्या सालींच्या तेलात उन्हात त्वचा भाजणारी द्रव्ये असू शकतात. कागदी लिंबाच्या बाबतीत तर हे नेहमी दिसते. तेलाचे हात न धुता उन्हात गेल्यास कातडीवर चट्टे उठतात. तेव्हा साल किसल्यावर हात साबणाने धुवावेत. संत्र्याच्या वाळलेल्या सालीची पूड आपण दिवाळीच्या उटण्यात हौसेने घालतो आणि तीच साल खायची म्हटले की दचकतो, हे मात्र कोडे आहे.

वासाशिवाय साल म्हणजे काय, याचा नमुना बेकरीत मिळतो. युरोपातल्या फ्रूट केकमध्ये पाकवलेली महाळुंगाची साल हा मानाचा घटक. आपल्याकडे ती जागा टूटीफ्रूटीने घेतली, म्हणजे कच्च्या पपईचे रंगवलेले, पाकवलेले तुकडे. आकार तोच, गोडी तीच, दाताला लागते तसेच, वास शून्य. त्या केकला मग लिंबाचा किंवा संत्र्याचा अर्क बाटलीतून घालावा लागतो, आणि तो अर्क पुन्हा कुठून तरी आणलेल्या सालीचाच किंवा तिच्या नकलेचा.

महाळुंग मिळाले तर त्याचे काय करायचे हे वर आले आहे. नाही मिळाले तरी त्याची पोरे घरात असतातच. घरच्या झाडाचे कागदी लिंबू घ्यावे, बारीक किसणीवर फक्त वरची रंगीत साल किसावी, पांढऱ्यापर्यंत जाऊ नये, कारण लिंबाचा कडूपणा तिथे सुरू होतो. तेल पाण्यात विरघळत नाही, तुपात विरघळते आणि साखरेबरोबर चोळले तर साखर ते शोषून घेते. म्हणून कीस रव्याच्या लाडवाच्या साखरेत चोळावा किंवा तुपावर उतरवावा. वरणात घालायचा तर गॅस बंद केल्यावर घालावा, उकळीबरोबर वास उडून जातो. आणि हे सारे लिंबू पिळण्याच्या आधी करावे. पिळलेल्या लिंबाची साल किसता येत नाही.